लोणी ते माना विश्वविक्रम, पुढं शाळेपर्यंत काय?

३ जून २०२२, सकाळी ७ वाजून २७ मिनिटं. अमरावती-अकोला महामार्गावर डांबर पडायला सुरुवात झाली, ती थांबली थेट ७ जूनच्या संध्याकाळी पाचला. मध्ये १०५ तास ३३ मिनिटं गेली आणि लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटरची एक मार्गिका सलग तयार झाली. ७२० माणसं पाळ्या लावून राबली, तीही वऱ्हाडातल्या जूनमध्ये. गिनीज बुकानं नोंद घेतली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोहाच्या नावावर होता. तिथं सव्वापंचवीस किलोमीटरला दहा दिवस लागले होते.

त्याच आठवड्यात, १ जूनला, एसटीची पहिली विजेवरची बस धावली. नाव शिवाई, मार्ग पुणे-नगर. हा मार्ग मुद्दाम निवडलेला. १ जून १९४८ ला एसटीची पहिलीवहिली बस याच वाटेनं गेली होती.

म्हणजे एकाच आठवड्यात वऱ्हाडाला विक्रमी रस्ता मिळाला आणि पुण्या-नगरला विजेची बस. दोन्ही गोष्टी आनंदाच्याच. पण महामार्ग सोडून आत वळलं, की पांदणीतला चिखल तुडवत फाट्यापर्यंत येणारी आणि तिथं गाडीची वाट पाहणारी पोट्टी दिसतात. विजेची बस त्यांच्यापर्यंत कधी येणार, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा वाटतो. त्यांचा नंबर कोणत्या पट्टीनं मोजून लावला जातोय?

वऱ्हाडातली स्कूल बस कोणत्या रंगाची?

उत्तर पिवळा असं देऊन मोकळं होता येत नाही. अमरावतीच्या कॅम्प-साईनगरात किंवा अकोल्याच्या जठारपेठ-रामदासपेठेत ती पिवळी असते. महाराष्ट्रानं २०११ मध्ये स्कूल बससाठी स्वतंत्र नियम केले. वेगनियंत्रक, सोबतीला सहायक, प्रत्येक शाळेत परिवहन समिती असं बरंच काही त्यात आहे.

दर्यापूर, तेल्हारा, बार्शीटाकळी, नांदगाव खंडेश्वर या बाजूंना मात्र स्कूल बस म्हणजे एसटीची लालपरी. नाहीतर काळी-पिवळी, नाहीतर मिनीडोर. विद्यार्थ्यांना एसटीच्या पासात दोन तृतीयांश सवलत मिळते. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत पास मोफत आहे. अलीकडे एसटीनं हे पास शाळेतच नेऊन द्यायचं ठरवलं, त्यामुळे आगारातल्या रांगेत जाणारा दिवस वाचला.

तिसरा रंग निळा. मानव विकास कार्यक्रमातल्या बस निळ्या असतात आणि त्या मुलींना शाळेत पोचवण्यासाठीच आहेत. राज्यातले २२ जिल्हे आणि १२५ तालुके या कार्यक्रमात आले, ते मानव विकासात मागे असल्यामुळे. या योजनेबद्दल मला फार आदर आहे. ज्या तालुक्याला गरज जास्त तिथं बस आधी, इतका सरळ तिचा हिशेब आहे. तालुक्यात किती माणसं राहतात यावर ती बेतलेली नाही.

विजेच्या बसचा हिशेब तसा लागलेला नाही.

अमरावती यादीत, अकोला बाहेर

राज्याचं २०२१ चं इलेक्ट्रिक वाहन धोरण आठवा. सार्वजनिक वाहतुकीतल्या २५ टक्के गाड्या २०२५ पर्यंत विजेवर आणायच्या, असं त्यात म्हटलं होतं. कुठं? सहा शहरी पट्ट्यांत. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) आणि अमरावती. चार्जिंग केंद्रांचेही आकडे ठरले होते. बृहन्मुंबईला १,५००, पुण्याला ५००, नागपूरला १५०, अमरावतीला ३०.

तीस का होईना, अमरावतीचं नाव होतं. शेजारच्या अकोल्याचं त्या यादीत नव्हतं. दोन्ही शहरांमध्ये शंभर किलोमीटरही अंतर नाही. कापूस तोच, ऊन तेच, बोली तीच. अकोल्याच्या वाट्याला आला असेल तर मुंबई-नागपूर महामार्ग, कारण चार्जिंगसाठी निवडलेल्या चार महामार्गांत तो होता.

२०२५ मध्ये नवं धोरण आलं. त्यात विजेच्या प्रवासी गाड्यांना समृद्धी महामार्ग, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोलमाफी मिळाली. समृद्धी अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव आणि नांदगाव खंडेश्वर तालुक्यांतून जातो. अकोला जिल्ह्यातून तो जात नाही. आणि गेला असता तरी पातूरच्या किंवा अकोटच्या शाळेची गाडी सकाळी समृद्धीवर चढत नाही.

तीन लाखांची पट्टी

केंद्राची पीएम ई-बस सेवा योजना ऑगस्ट २०२३ ची. १०,००० बस, केंद्राचे २०,००० कोटी रुपये. पात्र कोण? २०११ च्या जनगणनेत तीन लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येची शहरं. त्यातही जिथं शहर बसची नीट व्यवस्था नाही, त्यांना प्राधान्य. हा विचार चांगला आहे. अमरावती (साडेसहा लाखांच्या आत) आणि अकोला (सव्वाचार लाख) दोन्ही या पट्टीत बसतात.

आता चिखलदऱ्याला ही पट्टी लावू. २०११ ची लोकसंख्या पाच हजारांच्या आसपास. तीन लाख गाठायला तशी साठ चिखलदरे लागतील. धारणी, तेल्हारा, तिवसा, बाळापूर यांच्यापैकी कुणीच या पट्टीत बसत नाही.

पुढची योजना सप्टेंबर २०२४ ची पीएम ई-ड्राइव्ह. तिच्यात १४,०२८ बस आहेत आणि त्यांच्यासाठी निवडलेली शहरं नऊ, सगळी चाळीस लाखांवरची. महाराष्ट्रातली त्यात दोन, मुंबई आणि पुणे. शिवाय ही मदत सार्वजनिक परिवहन संस्थांच्या बससाठी. पिवळ्या स्कूल बसला तिच्यात जागाच नाही.

मोठ्या शहरांत धूर जास्त, म्हणून तिथं बस आधी, असं यावर सांगितलं जातं. ते खोटं नाही. पण डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जून २०१२ मध्ये कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं, आणि त्या गटात शहरातला धूर आणि गावातला धूर असा भेद नाही. कॅलिफोर्नियात स्कूल बसच्या आत बसून हवा मोजली, तेव्हा बसचा स्वतःचा धूर आत शिरतो असं आढळलं. मुलं जितका वेळ गाडीत, तितका वेळ तो श्वासात. मग खेड्यातून तालुक्याला रोज तास-दीड तास जाणारी मुलगी शहरातल्या वीस मिनिटांच्या फेरीपेक्षा मागे का ठेवायची?

उभ्या बसचं गणित

शाळेची बस दिवसातला बहुतेक वेळ उभी असते. विजेच्या गाडीसाठी हे एका अंगानं वरदान आहे आणि दुसऱ्या अंगानं अडचण.

आधी वरदान. नऊ मीटरची बस किलोमीटरला साधारण एक युनिट खाते असं धरू. रोजची धाव ६० किलोमीटर, म्हणजे ६० युनिट. ११ किलोवॅटच्या साध्या चार्जरवर हे साडेपाच तासांत भरतं. महागडा फास्ट चार्जर नको, मोठं उपकेंद्र नको, थ्री-फेज जोडणी पुरते. सकाळी साडेदहा ते संध्याकाळी पाच बस शाळेच्या आवारात उभीच असते, आणि वऱ्हाडात नेमका त्याच वेळी सूर्य डोक्यावर असतो. शेडवर सौर पॅनल टाकले तर बसला सावलीही मिळते आणि वीजही. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात सौर कृषी वाहिनी योजना आहेच. त्याच विचाराची एक शेड शाळेत का नको?

आता अडचण. डिझेल नव्वद रुपये लिटर आणि बसचं ॲव्हरेज पाच धरलं, तर किलोमीटरला अठरा रुपये. वीज नऊ रुपये युनिट धरली तर किलोमीटरला नऊ. दर किलोमीटरला नऊ रुपये वाचतात. शहरात रोज २०० किलोमीटर आणि वर्षाला ३४० दिवस धावणारी बस असे सहा लाखांवर वाचवते. शाळेची बस रोज ६० किलोमीटर, वर्षाला २२० दिवस (शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी कामाचे दिवस इतकेच आहेत) धावते. तिची बचत सव्वा लाखाच्याही आत.

विजेची बस डिझेलच्या बसपेक्षा विकत घेताना कितीतरी महाग पडते. ती जादा रक्कम वाचलेल्या इंधनातून फेडायची, तर शहरातली बस काही वर्षांत फेडेल. शाळेची बस त्याच गतीनं फेडू शकत नाही.

आणि मदत कशी मिळते? पीएम ई-बस सेवेत केंद्र किलोमीटरमागे पैसे देतं, बारा मीटरच्या बसला २४ रुपये, नऊ मीटरच्या बसला २२, सात मीटरच्या बसला २०. वरच्या शहरी बसला या दरानं वर्षाला पंधरा लाखांच्या आसपास मिळतील. शाळेच्या बसला योजनेत घेतलंच, तरी तीन लाखही होणार नाहीत. कमी धावणारी बस कमी वाचवते आणि मदतही तिलाच कमी, असा हा दुहेरी मार. म्हणून शाळेच्या बससाठी किलोमीटरची पट्टी सोडून मुलामागे किंवा बसमागे ठरावीक रक्कम द्यायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी वाट बसची धाव वाढवण्याची. सकाळची शाळेची फेरी झाली की तीच गाडी आठवडी बाजाराला, प्राथमिक आरोग्य केंद्राला, तहसीलला जाऊ शकते. गाव तेच, रस्ता तोच, ड्रायव्हरही तोच.

चढावाले चढन का हे?

विजेच्या गाडीबद्दल परतवाड्याच्या स्टँडवर पहिला प्रश्न हाच येईल, आणि तो अगदी योग्य आहे. उत्तर असं, की चढते आणि जोरात चढते. डिझेल इंजिनाला जोर यायला आधी फिरावं लागतं. विजेची मोटर जागेवरूनच पूर्ण जोर लावते. घाटातल्या वळणावर थांबून पुन्हा निघताना हा फरक लगेच जाणवतो.

खरी मजा उतारावर आहे. उतरताना मोटर उलटं काम करते, चाकांच्या फिरण्यातून वीज तयार करून बॅटरीत परत टाकते आणि गाडीला आवरही घालते. चिखलदरा आणि परतवाडा यांच्या उंचीत सुमारे ७०० मीटरचा फरक आहे. बारा टनांची भरलेली बस तेवढी खाली आली, की नुसत्या उंचीतून जवळपास २३ युनिट ऊर्जा सुटते. घर्षण आणि इतर गळती सोडून निम्मी जरी हाती लागली, तरी सपाटीवरचे दहा-अकरा किलोमीटर फुकटात. डिझेलच्या बसमध्ये हीच ऊर्जा वाया जाते, बरीचशी ब्रेक तापवण्यात.

यातली सर्वांत छान गोष्ट अशी, की डोंगरावर मुक्काम करणाऱ्या बसची बॅटरी रात्री शंभर टक्के भरायची नसते. पूर्ण भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज घ्यायला जागा उरत नाही. मग ती फुकटची वीज वाया जाते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. म्हणून चिखलदऱ्याला थोडी जागा ठेवून भरायची आणि परतवाड्याला पूर्ण भरायची. हे शहाणपण मुंबईच्या निविदेत आपोआप येणार नाही. घाटात गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरला विचारून ते लिहावं लागेल.

चढताना अर्थातच हिशेब उलटा. तेवढी उंची चढायला पंचवीसेक युनिट जादा लागतात. सपाटीवर १५० किलोमीटर जाणारी बस मेळघाटात तेवढी जाणार नाही. धारणी आणि दर्यापूर या दोन्ही तालुक्यांना एकाच मापाची बॅटरी देणं म्हणजे मेळघाटावर अन्याय.

वऱ्हाडी ऊन आणि बॅटरीचं वागणं

शाळा उन्हाळ्यानंतर उर्वरित महाराष्ट्रात साधारण १५-१६ जूनला उघडतात. विदर्भात उशिरा. २०२४ मध्ये १ जुलैला उघडल्या, २०२५ मध्ये २३ जूनला. इथलं ऊन वेगळं आहे, हे शाळेच्या वेळापत्रकानं कधीच मान्य केलं आहे. बसच्या निविदेनंही ते करावं.

मे २०२४ मध्ये पारा पंचेचाळीस अंशांच्या वर गेला तेव्हा अकोला जिल्ह्यात कलम १४४ लावलं गेलं. कारण दंगल नव्हे, ऊन! खासगी शिकवण्यांच्या वेळा त्या आदेशानं बदलल्या.

लिथियम बॅटरीला साधारण १५ ते ३५ अंशांतलं हवामान मानवतं. त्यापुढं तिला थंड ठेवावं लागतं, आणि फार तापली तर तिच्यातली यंत्रणा स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते. म्हणून अकोल्याच्या बसला द्रवानं थंड होणारी बॅटरी आणि चार्जिंगवर छप्पर या दोन गोष्टी चैन म्हणून धरता येणार नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळच्या होतात आणि दुपारी बस रिकामी उभी राहते. ती उन्हात उभी राहिली तर बॅटरीचं आयुष्य घटतं. सौर शेडीचा हा आणखी एक फायदा.

चार छोट्या गोष्टी, झटपट

खारपाणपट्ट्यातली जमीन पिण्याच्या पाण्याला वाईट, पण अर्थिंगला चांगली. क्षारांमुळे माती वीज सहज वाहून नेते. मात्र त्याच क्षारांनी गाडलेलं लोखंड लवकर गंजतं, त्यामुळे चार्जरच्या अर्थिंगची तपासणी इथं जास्त वेळा करावी लागेल. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, तेव्हा तर नक्कीच.

विजेच्या गाडीतल्या उच्च दाबाच्या केबल नारिंगी रंगाच्या असतात. नारिंगी दिसली की हात लावायचा नाही. हे गावच्या मेकॅनिकला आणि शाळेतल्या मुलांना, दोघांनाही पहिल्या दिवशी सांगायला हवं.

बस हळू चालते तेव्हा तिचा आवाज जवळजवळ येतच नाही. युरोपात विजेच्या गाड्यांच्या नव्या मॉडेलांना कमी वेगात मुद्दाम आवाज करणारी यंत्रणा २०१९ पासून सक्तीची झाली. शाळेच्या फाटकाजवळ ही यंत्रणा फार मोलाची आहे.

आणि नाल्याला पूर आला तर? चांगल्या बॅटरीवर आयपी ६७ असा शिक्का असतो. अर्थ असा, की एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी शिरू नये. याचा अर्थ पुराच्या पाण्यात गाडी घालावी असा मुळीच नाही. पूर्णेला पूर असताना डिझेलची बस थांबते तिथंच विजेचीही थांबली पाहिजे.

लंडनची फसलेली कंपनी

विजेची बस नवी गोष्ट नाही. १५ जुलै १९०७ ला लंडनमध्ये व्हिक्टोरिया ते लिव्हरपूल स्ट्रीट अशी बॅटरीवरची बससेवा सुरू झाली. बॅटरी संपली की गॅरेजमध्ये नेऊन दुसरी बसवत. त्याच वर्षी ७ मेला मुंबईत विजेची ट्राम धावली होती. लंडनच्या गाड्या लोकांना आवडल्या, पण कंपनी १९१० मध्ये बंद पडली. गाड्या चांगल्या होत्या, कंपनीचा पैशाचा व्यवहार खोटा निघाला.

आपल्याकडे आज ई-बस बहुतेक भाडेकरारावर येतात. गाडी कंपनीची, ड्रायव्हर कंपनीचा, पैसे किलोमीटरमागे. महापालिकेनं किंवा महामंडळानं पैसे थकवले की सेवा अडखळते. म्हणूनच केंद्रानं २०२४ मध्ये ३,४३५ कोटींची वेगळी योजना आणली, पैसे थकले तर कंपनीला हमी देणारी. एसटीनं २०२३ मध्ये ५,१५० ई-बस भाड्यानं घ्यायचं ठरवलं, त्यातल्या २,८०० नऊ मीटरच्या. खेड्यातल्या रस्त्याला सोसणाऱ्या बस त्याच. पुरवठा रखडला आणि मे २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी करार रद्द करण्याची भाषा जाहीरपणे केली. आलेल्या थोड्या गाड्या मोठ्या मार्गांवर जातात आणि शाळेची मुक्कामी बस रांगेत शेवटी उभी राहते. तूट येते तेव्हा ती कुणाच्या वाट्याला जाईल, हे करारातच लिहून ठेवायला हवं. प्रत्येक विभागाला ठरलेल्या प्रमाणात गाड्या, आणि त्या प्रमाणात शाळेच्या फेऱ्यांचा हिस्सा.

चिठ्ठी टाकून बस

अमेरिकेत एप्रिल १९३९ मध्ये फ्रँक सायर या प्राध्यापकानं न्यूयॉर्कला परिषद भरवली. तिथं स्कूल बससाठी ४४ निकष ठरले, त्यातलाच एक म्हणजे आज जगभर दिसणारा तो पिवळा रंग. पहाटेच्या अंधुक उजेडात पिवळ्यावर काळी अक्षरं चटकन दिसतात, म्हणून.

त्याच देशानं २०२१ च्या कायद्यात स्वच्छ स्कूल बससाठी पाच वर्षांत पाच अब्ज डॉलर ठेवले. पहिल्या फेरीत, ऑक्टोबर २०२२ मध्ये, ३८९ शालेय जिल्ह्यांना २,४६३ बस मंजूर झाल्या, त्यातल्या ९५ टक्के विजेच्या. नावं कशी निवडली? सोडत काढून. पण सोडतीआधी एक गोष्ट केली होती. गरीब, ग्रामीण आणि आदिवासी जिल्ह्यांना प्राधान्य, आणि रक्कमही जास्त. मोठ्या बससाठी इतरांना अडीच लाख डॉलरपर्यंत, तर या प्राधान्याच्या जिल्ह्यांना पावणेचार लाखांपर्यंत.

आपल्याकडे या निकषानं पाहिलं तर महाराष्ट्रात पहिल्या पानावर धारणी आणि चिखलदरा येतील. आदिवासी, ग्रामीण, डोंगराळ, अंतर जास्त. आपल्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसही याच विचारानं धावतात. म्हणजे न्याय्य पट्टी अमेरिकेतून आणायची गरज नाही, ती मंत्रालयात आधीच पडून आहे. तिच्यावर फक्त विजेच्या बसचं नाव लिहायचं आहे.

वीज इथलीच

अकोला जिल्ह्यातल्या पारसला महानिर्मितीचे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. अमरावतीजवळ नांदगाव पेठला खासगी प्रकल्पाचे २७० मेगावॅटचे पाच. दोन्ही मिळून १,८५० मेगावॅट, दोन्ही कोळशावर. मुंबई-पुण्याची बस विजेवर गेली की तिचा धूर तिथल्या रस्त्यावरून नाहीसा होतो. त्या विजेतली काही पारस-नांदगाव पेठसारख्या चिमण्यांखाली तयार होते, आणि राख इथंच राहते. वीज बनवणाऱ्या जिल्ह्यांच्या शाळांना तरी स्वच्छ बस पहिल्या फेरीत मिळाली पाहिजे. ही मागणी मला दयेची वाटत नाही. ती हिशेबाची आहे.

शकुंतलेनं शिकवलेलं

मूर्तिजापूर ते अचलपूर, ७६ किलोमीटर, नॅरो गेज. अकोला जिल्ह्यातून निघून अमरावती जिल्ह्यात जाणारी ही शकुंतला. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून ती ओढत होतं. ते निवृत्त झालं १५ एप्रिल १९९४ ला, जेव्हा डिझेल इंजिन आलं. एव्हाना त्याच मूर्तिजापूर स्टेशनातून जाणाऱ्या मुंबई-नागपूर मुख्य लाइनवर विजेची इंजिनं धावत होती. एका फलाटावर वीज, शेजारच्या फलाटावर वाफ.

लोकांनी शकुंतलेवर जीव लावला, मीही तिच्याबद्दलचं कौतुक ऐकतच मोठा झालो. पण त्या कौतुकामागे एक हिशेब आहे: मुख्य लाइनला जे मिळालं ते शाखेला सत्तर वर्षांत मिळालं नाही. पुढं तर गाडीच बंद पडली. आणि विक्रमी रस्त्याचं माना गाव याच मूर्तिजापूर तालुक्यात आहे.

सुट्टीतली बॅटरी

स्कूल बस सुट्टीत काय करते? अमेरिकेत ओकलंडच्या शाळांनी २०२४ मध्ये आपला ७४ बसचा ताफा पूर्ण विजेचा केला. या बस चार्जरला जोडून ठेवल्या की गरजेच्या वेळी बॅटरीतली वीज परत ग्रिडमध्ये देतात.

विदर्भाची उन्हाळी सुट्टी राज्यात सर्वांत लांब, आणि विजेची ओढाताणही नेमकी तेव्हाच. एका बसची शंभर युनिटची बॅटरी रोज तीन-चार युनिट वापरणाऱ्या पंचवीस-तीस घरांना एक दिवस पुरते. सेमाडोह, हरिसालसारख्या गावांत वादळानं तारा तुटल्या, तर तीच बस आरोग्य केंद्राच्या दारात उभी करून लसींचा फ्रीज आणि प्रसूतीच्या खोलीतला दिवा चालवता येईल. त्यासाठी बस घेतानाच वीज बाहेर देणारा चार्जर मागावा लागतो, नंतर तो बसवणं महाग पडतं. अमरावती आणि अकोल्याच्या जिल्हा नियोजन समित्या आपल्या पुढच्या आराखड्यात हा एक रकाना टाकू शकतात, आणि शाळांच्या परिवहन समित्या तो टाकला का, हे येत्या जूनमध्ये शाळा उघडताच विचारू शकतात.